दोनशेएक

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान रंगारी आहेत. भिंतींचे, दारांचे, खिडक्यांचे. वय सदुसष्ट. हे मी त्यांच्या ओळखपत्रावरून सांगतो आहे, त्यांना विचारलंत तर ते ‘पासष्टेक’ म्हणतील. हा ‘एक’ त्यांच्या प्रत्येक आकड्याच्या शेपटीला असतो. विसेक, पन्नासेक, शंभरेक. माणसाला नक्की माहीत नसलं की त्याने असं बोलावं, हे मी समजू शकतो. भाऊजी माहीत असलेल्या आकड्यालाही ‘एक’ लावतात. त्यांचं आणि ताईचं लग्न ठरत होतं तेव्हा माझ्या वडिलांनी त्यांना वय विचारलं, तर म्हणाले, सत्ताविसेक. वडील त्यांच्यासमोर काही बोलले नाहीत, मंडळी गेल्यावर मात्र आईवर उखडले. सव्वीस समजतो मी, अठ्ठावीस समजतो, सत्ताविसेक हे कुठलं वय? मी तेव्हा कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला होतो आणि वडिलांचं म्हणणं मला पूर्ण पटलं होतं. पुढे लग्न झालं, त्यांच्या संसाराला चाळीस वर्षं झाली, आठ महिन्यांनी मी निवृत्त होईन. माझं मत बदललेलं नाही.

या चाळीस वर्षांत मी भाऊजींच्या हातात मोजायची टेप पाहिलेली नाही. ते खोलीच्या दारात उभे राहतात, मान एकदा डावीकडून उजवीकडे नेतात, छताकडे बघतात आणि किती लिटर रंग लागेल ते सांगतात, अर्थातच शेपटीसकट. अकरा वर्षांपूर्वी माझं घर रंगवायचं ठरलं तेव्हा मी दोन रविवार खर्चून प्रत्येक भिंत मोजली, दारं-खिडक्या वजा केल्या आणि डब्यावर छापलेल्या प्रमाणाने दोन हातांचा रंग काढला. सव्वीस लिटर आला. भाऊजी दारातून म्हणाले, "विसेक." मी सव्वीस आणला. शेवटच्या खोलीतल्या शेवटच्या दाराच्या वरची पट्टी मारून झाली तेव्हा वीस लिटर संपला होता आणि त्यांचा ब्रश कोरडा होत आला होता. उरलेला सहा लिटर अजून माझ्या माळ्यावर आहे. भाऊजी घरी आले की माळ्याकडे एकदा बघतात. बोलत काही नाहीत. बोलले असते तर मीही दोन शब्द सुनावले असते.

मला खरी चीड येते ती त्यांचं बरोबर येतं याची. ते चुकले असते तर मी त्यांना केव्हाच माफ केलं असतं. मला ते ‘फूटपट्टी’ म्हणतात, तेही चारचौघांत. माझ्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या घराचं काम त्यांना मिळवून दिलं, तर त्या माणसाला म्हणाले, आमची फूटपट्टी तुमच्याच खात्यात आहे ना? तेव्हापासून ऑफिसातही तेच नाव झालं.

गेली दोन वर्षं त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. आधी उजवा करू, मग डावा, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. तीनदा तारीख मिळाली. पहिल्यांदा हातातलं काम संपायचं होतं. दुसऱ्यांदा खोकला झाला, तो तारीख टळल्याबरोबर बरा झाला. तिसऱ्यांदा मी स्वतः रजा टाकून गाडी घेऊन दारात उभा, आणि भाऊजी गच्चीवर ब्रश धूत बसलेले. ताई बोलवायला गेली, तर म्हणाले, तुम्ही पुढे व्हा, मी येतो तासाभरात. त्यांना वगळून आम्ही पुढे होऊन काय करायचं होतं, हे मला अजून कळलेलं नाही.

ताईचा जीव टांगणीला लागला होता, आणि ते बरोबरच होतं. भाऊजी शिडीवर चढताना आधी पायाने पायरी चाचपायचे, मग वजन टाकायचे. एका गिऱ्हाइकाला ऑफ व्हाइट हवा होता, त्याला यांनी जुन्या कागदासारखा पिवळसर रंग मिसळून दिला. माणूस भला होता, तोंडावर काही बोलला नाही. फक्त वरच्या मजल्याचं काम दुसऱ्या रंगाऱ्याला दिलं. हे कळलं त्या दिवशी ताई माझ्याकडे येऊन रडली. रंगाऱ्याचा डोळा गेला की राहिलं काय, असं म्हणत होती. आणि शिडीवरून पडले तर तेवढंही राहायचं नाही. भाऊजींना विचारलं की त्यांचं एकच उत्तर असायचं, दिसतंय की सगळं.

अशात भाचीने तो खेळ घरात आणला. तिच्या ऑफिसात पार्टीला खेळतात. त्याला काहीतरी नाव होतं, पण आमच्या घरात ‘चिठ्ठ्या’ हेच नाव पडलं. एकाने प्रश्न विचारायचा, ज्याचं उत्तर आकड्यात असतं आणि ते कुणालाच नक्की ठाऊक नसतं. या जिन्याला पायऱ्या किती, या इस्त्रीचं वजन किती ग्रॅम, असं काहीही. बाकीच्यांनी आपापला अंदाज चिठ्ठीवर लिहायचा. मग सगळ्या चिठ्ठ्या लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडायच्या आणि ज्या चिठ्ठीवर भरवसा असेल तिच्यावर पैज लावायची, स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या. खऱ्या उत्तराच्या सगळ्यात जवळची चिठ्ठी जिंकते, पण एक अट आहे: आकडा उत्तराच्या वर जाता कामा नये. एकाने जरी वर गेला तरी चिठ्ठी बाद. पैजेला आम्ही ताईच्या डब्यातली बटणं घ्यायचो, सुरुवातीला प्रत्येकी पंधरा. मधल्या चिठ्ठ्यांवर लावलेली बटणं दुप्पट होऊन परत, कडेच्या चिठ्ठ्यांवरची चौपट, हरलेल्या चिठ्ठीवरची गेली; शेवटी ज्याच्याकडे जास्त बटणं तो पहिला.

दर रविवारी दुपारी ताईकडे हा खेळ व्हायचा. भाची प्रश्न विचारायची, खेळायला आम्ही चौघं: ताई, भाऊजी, मी आणि माझी बायको. सुरुवातीचे तीन रविवार भाऊजी जिंकले. यात नवल काहीच नाही, ते जन्मभर दुसरं काही करतच नव्हते. ताई स्वतःच्या चिठ्ठीवर कधी बटण लावायची नाही, डोळे मिटून भाऊजींच्या चिठ्ठीवर लावायची.

वैताग वेगळाच होता. पहिल्याच दिवशी भाऊजींनी आपला चष्मा कुठेतरी राहिल्याचं सांगितलं आणि त्यांची चिठ्ठी लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. ते आकडा माझ्या कानात सांगायचे. "साठेक लिही." मी विचारायचो, साठ की एकसष्ट? तर म्हणायचे, साठेक रे, साठेक. मी त्यांना समजावलं की खेळात नक्की आकडा लागतो, कागदावर ‘साठेक’ लिहायला चिन्ह नाही. त्यावर म्हणाले, मग तुझ्या कॉलेजात शिकवलं काय तुला? शेवटी मीच नियम केला: मी ऐकेन ते लिहीन, चिठ्ठी त्यांच्या डोळ्यांसमोर धरीन, त्यांनी बघून होकार दिला की मगच ती टेबलावर जाईल. म्हणजे नंतर तक्रार नको. भाऊजी दर वेळी चिठ्ठीकडे बघायचे, मान हलवायचे आणि म्हणायचे, ठीक आहे.

चौथ्या रविवारी ताईने खेळाआधीच विषय काढला. डॉक्टरीणबाईंनी चौथी तारीख दिली होती, येत्या मंगळवारची, आणि ही चुकवली तर पुन्हा माझ्याकडे येऊ नका असंही सांगितलं होतं. ताई म्हणाली, आज पैज माझ्या मर्जीची. जो शेवटचा येईल त्याने पहिला येईल त्याचं एक ऐकायचं. बटणं मांडता मांडता भाऊजी हसले. तीन रविवार जिंकलेला माणूस, त्याला कसली भीती?

"चालेल," ते म्हणाले. "पण मी पहिला आलो तर वर्ष संपेपर्यंत या घरात डोळा हा शब्द कुणी काढायचा नाही. तू नाही, ही पोरगी नाही आणि ही फूटपट्टी तर अजिबात नाही."

ताई कबूल झाली. भाची माझ्याकडे बघायला लागली, मी बटणांकडे.

सात प्रश्न ठरले होते. सहा झाले तेव्हा भाऊजींकडे चौतीस बटणं होती, ताईकडे एकोणीस, माझ्याकडे पंधरा, बायकोकडे नऊ. कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या बरणीत गुंड्या किती, या प्रश्नाला तर भाऊजींनी असा काही आकडा सांगितला की भाचीच्याच तोंडून ‘वा’ निघून गेलं. ताईचा चेहरा उतरत चालला होता. तिने चहा केला आणि स्वतःचा प्यायलीच नाही.

सातवा प्रश्न भाचीने विचारला: आपल्या गच्चीवर फरश्या किती? तिने सकाळीच वर जाऊन मोजल्या होत्या. ताईने लिहिलं दीडशे. माझ्या बायकोने एकशे वीस. मी गच्चीची लांबी-रुंदी मनात धरली, एका फरशीचा आकार धरला, भागाकार केला आणि एकशे ऐंशी लिहिलं. भाऊजी माझ्या कानाशी आले आणि कुजबुजले, "दोनशेएक."

आता जे खरं ते सांगतो. चाळीस वर्षं ऐकतो आहे, त्यांना दोनशे म्हणायचं आहे हे मला पक्कं माहीत होतं. आधीचे तीन रविवार मी साठेकचे साठच केले होते. त्या दिवशी मी दोन लिहिला, शून्य लिहिलं आणि तिसऱ्या जागी एक काढला. तो ताईसाठी काढला की सव्वीस लिटरसाठी, हे मला आजही सांगता येत नाही. पण नियम मी मोडला नाही. चिठ्ठी त्यांच्या डोळ्यांसमोर धरली, नेहमीपेक्षा जास्त वेळ धरली. मला वाटत होतं, आता हे ओरडणार, फूटपट्टी, हे काय लिहिलंस म्हणून, आणि मी निमूट खोडून शून्य करणार.

भाऊजींनी चिठ्ठीकडे बघितलं, मान हलवली आणि म्हणाले, "ठीक आहे."

चिठ्ठ्या ओळीने लागल्या. भाऊजींची सगळ्यात मोठी, म्हणजे कडेची, चौपटीची. त्यांनी चौतीसच्या चौतीस बटणं तळहाताने सरकवून तिच्यावर नेली. ताईचा हात सवयीने त्याच चिठ्ठीकडे गेला आणि वाटेतच थांबला. मग तिने आपली एकोणीस बटणं माझ्या एकशे ऐंशीवर ठेवली. मीही माझ्याच चिठ्ठीवर दहा बटणं लावली. बायकोने तिच्या चिठ्ठीवर तीन लावली.

भाची म्हणाली, "पंचवीस फरश्यांच्या आठ रांगा. दोनशे."

भाऊजींनी टेबलावर थाप मारली आणि बटणांसाठी हात पुढे केला. भाचीने त्यांचा हात धरला. बाबा, तुमच्या चिठ्ठीवर दोनशे एक आहे, ती बाद, असं तिने सांगितलं. भाऊजींना आधी ती थट्टा वाटली. मग त्यांचा आवाज चढला.

"अगं दोनशेएक म्हणालो मी. दोनशेएक."

"तेच लिहिलंय बाबा. दोनशे एक."

"दोनशे एक नाही, दोनशेएक."

हा वाद बराच वेळ चालला. माझी बायको मध्ये पडली, म्हणाली, दोन्ही सारखंच तर ऐकू येतंय. तिच्यावरही ते घसरले: लहान पोराला कळतं दोनशेएक म्हणजे दोनशे, हा कॉमर्सवाला मुद्दाम करतो. भाची म्हणाली, मग पुन्हा खेळू शेवटचा डाव. मला वाटलं आता गप्प राहण्यात अर्थ नाही, म्हणून मी म्हणालो, "भाऊजी, मी चिठ्ठी तुम्हाला दाखवली होती. तुम्ही बघून ठीक आहे म्हणालात."

त्यावर ते थांबले. भाचीच्या हातून चिठ्ठी घेतली. नाकाजवळ नेली, मग हात लांब करून धरली, मग खिडकीच्या उजेडाकडे वळवली. मी आकडे बोटाच्या पेराएवढे काढले होते. त्यांनी चिठ्ठी खाली ठेवली, आणि ती उलटी ठेवली आहे हेही त्यांना दिसलं नाही.

ताई त्यांच्याजवळ जाऊन बसली. विचारलं, तीन रविवार असंच ठीक आहे म्हणत होतात का? त्यांनी मान हलवली. मग दिसत नाही हे कबूल करायला काय होतं, आणि ऑपरेशनची एवढी कसली भीती, असं तिने विचारलं. ते बटणं चिवडत राहिले. नंतर जे बोलले ते तिच्याशी बोलत होते, आम्ही तिथे होतो एवढंच.

"पलीकडच्या गवंड्याचा डोळा झाला ना, तो म्हणतो सगळं पांढरं लख्ख दिसतंय. भिंत पांढरी दिसते म्हणे, पूर्वी कधी दिसली नाही अशी. मग मी इतकी वर्षं लोकांच्या घराला लावला तो पांढरा कुठला?"

ताई एवढंच म्हणाली की शेवटचे तुम्ही आलात, पहिली मी आले, मंगळवारी सकाळी आठ वाजता निघायचं. भाऊजी हो म्हणाले. आठेक म्हणाले नाहीत, आठ म्हणाले, हे मी ऐकलं.

मंगळवारी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. अर्ध्या तासात बाहेर आणलं, त्रास काही नाही. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. ताईने सांगितलं की घरी आल्यावर पुढच्या खोलीत शिरले आणि भिंतीशी जाऊन उभे राहिले, हात लावून बघितला, मग पाठ फिरवून खुर्चीत बसले. जेवायला बोलावलं तेव्हा म्हणाले, ही खोली दिवाळखोराच्या घरासारखी दिसते, मला कुणी सांगितलं का नाही?

इथवर सगळं मार्गी लागलं होतं. डाव्या डोळ्याची तारीख पुढच्या महिन्यातली मिळाली होती. मी गप्प बसायला हवं होतं. पण माणसाला निवृत्तीच्या तोंडावर स्वच्छ व्हावंसं वाटतं की काय कोण जाणे, शनिवारी त्यांना बघायला गेलो, काळा चष्मा लावून ते गच्चीत बसले होते, आणि मी सांगून टाकलं. म्हणालो, भाऊजी, तुम्हाला दोनशे म्हणायचं होतं हे मला माहीत होतं. एक मी जाणूनबुजून काढला.

मला वाटलं होतं ते हसतील, पाठीवर हात ठेवतील, बरं केलंस म्हणतील. त्यांनी काळा चष्मा काढला, उजव्या डोळ्याने माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "म्हणजे मी जिंकलो होतो?"

मी म्हणालो, तसं धरलं तर हो.

"चौतीस चोक किती?"

मी सांगितलं, एकशे छत्तीस. ते उठले. जिन्यावरून ताईला हाक मारली, भाचीला फोन लावायला सांगितला. दोघींना सांगितलं की चौथ्या रविवारी मी पहिला आलो आहे, एकशे छत्तीस बटणांनी, फूटपट्टीने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं आहे, आणि ठरलेल्या पैजेप्रमाणे वर्ष संपेपर्यंत या घरात डोळा हा शब्द निघणार नाही. पुढच्या महिन्याची तारीख रद्द.

मी पायऱ्या उतरत होतो तर ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने मला आत ये म्हटलं नाही. एवढंच म्हणाली, "तुला खरं बोलायला हाच मुहूर्त सापडला?"

बायकोही घरी तेच म्हणाली, जरा जास्त शब्दांत. भाचीने सुचवलं की मामा, आता तुम्हीच बाबांना पटवा. म्हणून दर रविवारी मी जातो आणि तो शब्द न काढता पटवायचा प्रयत्न करतो. ‘दुसऱ्या बाजूचं काय’ म्हणून पाहिलं, ‘डावीकडचं राहिलंय’ म्हणून पाहिलं. भाऊजी लगेच बोट दाखवतात, पैज मोडू नकोस. कायद्याने ते बरोबर आहेत, आणि कायदा पाळायला त्यांना मीच शिकवलं.

आता त्यांनी कामं पुन्हा घेतली आहेत. शिडीवर पाय नीट पडतो, हे ताईलाही मान्य आहे. मागच्या आठवड्यात मी त्यांच्याबरोबर एका जुन्या गिऱ्हाइकाकडे गेलो होतो. भाऊजींनी गेल्या वर्षी रंगवलेल्या तिथल्या भिंतीचा एक पोपडा उडाला होता, तेवढाच तुकडा रंगवायचा होता. भाऊजींनी डब्यात रंग मिसळला, उजवा डोळा हाताने झाकला, डाव्याने भिंतीकडे बघितलं, पिवळ्याचे दोन थेंब टाकले. पुन्हा बघितलं. तुकडा असा जुळला की कुठे सुरू झाला ते मला सापडेना.

"बघितलंस?" ते म्हणाले. "नव्या कामाला उजवा, जुन्याला डावा. गेल्या दोन वर्षांतली पन्नासेक घरं या डाव्यानेच रंगवलीत. ती दुरुस्त करायची तर हा ठेवायलाच हवा."

मी विचारलं, पन्नास की एकावन्न? त्यांनी ब्रश माझ्या हातात दिला आणि शिडी धरायला सांगितली.